सहाव्या मजल्यावरची रिकामी लिफ्ट

सोमवार, ३ नोव्हेंबर २००८

प्रिय मामा,

नमस्कार. मी बरी आहे, आई बरी आहे. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं आईकडून कळलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस लिफ्ट नसलेल्या घरात, तळमजल्यावर राहतो, हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले.

फोन न करता पत्र का लिहिते आहे, ते पुढे येईलच. आधी काय झालं ते क्रमाने.

१. मार्चमध्ये आईच्या माळ्यावरून तुझे दोन खोके खाली काढले. एकात कॉम्प्युटर, त्याचा पॉवर सप्लाय आणि कॅसेट डेक. दुसऱ्यात तू कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम साठवायचास त्या चौदा कॅसेट आणि तुझ्या तीन वह्या.

२. पॉवर सप्लाय न लावता आधी उघडला. चार कपॅसिटर फुगलेले होते. बदलले.

३. कीबोर्डची आतली पट्टी तीन ठिकाणी तुटली होती. नवी मिळवली. मेमरीच्या आठ चिपपैकी दोन गेल्या होत्या. बदलल्या.

४. जूनच्या दुसऱ्या शनिवारी पडद्यावर पहिल्यांदा कर्सर आला.

५. डेकचा रबरी बेल्ट वितळून त्याचं डांबर झालं होतं. कापूस, स्पिरिट, दोन संध्याकाळी. नवा बेल्ट घातला.

६. डेकमध्ये टेप वाचणाऱ्या हेडशेजारी त्याची दिशा जुळवायचा जो बारीक स्क्रू असतो, त्याच्यावरचं कंपनीचं लाल सील तुटलेलं होतं. कोणीतरी तो फिरवलेला होता. जुळणीसाठी वेगळी टेप मिळते, ती लावून मी हेड बिनचूक जुळवलं.

७. तुझी एकही कॅसेट वाचली गेली नाही.

८. सप्टेंबरमध्ये तोच स्क्रू मी मुद्दाम चुकीचा लावला. चौदापैकी तेरा कॅसेट वाचल्या गेल्या. चौदावीवर गाणी आहेत.

म्हणजे तुझ्या टेपा मेलेल्या नाहीत, मामा. मेल्या नव्हत्याच कधी.

मी हॉस्पिटलमधल्या यंत्रांचे बोर्ड तपासते, आणि तिथे अहवाल असाच लिहायचा असतो. काय दिसलं, काय केलं, काय झालं. कोणाला काय वाटलं याला रकाना नाही. मला ते सोयीचं पडतं. पण हे पत्र तेवढ्यावर थांबवलं तर ते खोटं होईल.

आधी सोपं सांगते. दर शनिवारी दुपारी आम्ही सहाजण एका घड्याळजीच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, एवढंच काम. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या फक्त कीबोर्ड धुतात आणि दुसऱ्या कोणाला धुऊ देत नाहीत. घड्याळजी स्वतः सत्तरीचे आहेत. डोळ्याला भिंग लावून सोल्डरचा असा डाग देतात की माझ्या ऑफिसातल्या पोरांनी शिकायला यावं. खोलीत दोन लांब टेबलं, एक खिडकी, आणि तापलेल्या डागाचा वास. तुझ्या खोलीला यायचा तोच. पहिल्या शनिवारी तो वास आला आणि मी काही न विचारता महिन्याची वर्गणी देऊन टाकली. एरवी मी अटी वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्या कॉम्प्युटरचं झाकण पिवळं पडलं आहे. ते पांढरं करता येतं, पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की होतं. मी केलं नाही. उजव्या बाजूला तू चहाचा कप ठेवायचास तिथे एक गोल आहे, तेवढाच पांढरा राहिलाय. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "अगं, कळाच गेलीय याची, उजळून टाक." मी म्हटलं, मालकाला विचारल्याशिवाय नाही.

तर सातवा मुद्दा. ऑगस्टभर मी तेच करत होते. हेड बिनचूक, बेल्ट नवा, वेग बरोबर, आणि तुझ्या कॅसेटमधून आवाज यायचा तो तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा. कॉम्प्युटरला त्यातलं काही कळायचं नाही. गटातल्या एकाने जाहीर केलं की टेपा संपल्या. घड्याळजींनी मात्र हातातलं काम न सोडता विचारलं, "या टेपा भरल्या कशावर होत्या?"

"याच डेकवर."

"आणि तू तो डेक नीट केलास."

"हो. शून्य चूक."

"माझ्याकडे एक गिऱ्हाईक यायचं," ते म्हणाले. "त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. तीस वर्षं तो त्या घड्याळावर गाडी पकडायचा. एकदा माझ्या शिकाऊ पोराने सेवा म्हणून ते बरोबर लावून दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी चुकली, आणि साहेब मला शिव्या घालायला हजर."

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. तुझ्या डेकचं हेड कारखान्यातूनच तिरकं आलं होतं, मामा. त्याने लिहिलं ते तिरकं, आणि वाचायचं तेही त्याच तिरक्या नजरेने. म्हणून घरच्या टेपा बिनतक्रार चालायच्या आणि विकतच्या कधीच चालायच्या नाहीत. आठवतं का, तू म्हणायचास, "बाजारच्या टेपा म्हणजे भंगार. आपल्या बघ, एकदा तरी दगा दिलाय?" बाजारच्या टेपा चांगल्या होत्या. आपणच वाकडे होतो.

मग मी हेडफोन लावून तुझी पहिली कॅसेट सुरू केली आणि स्क्रू एकेक कणाने मागे नेत गेले. आवाज उघडत गेला. पाव फेऱ्याहून थोडं जास्त झाल्यावर तो इतका धारदार झाला की दातात कळ आली. तिथे थांबले. पडद्यावर तू लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नाव उमटलं: लिफ्ट.

सात मजले, दोन लिफ्ट, आणि मजल्यामजल्यावर माणसांच्या जागी खोळंबलेली अक्षरं. मी सगळ्यांच्या देखत टाळी वाजवली. मी टाळी वाजवत नाही.

आता सहावा मुद्दा दुरुस्त करायचा आहे.

"कोणीतरी तो फिरवलेला होता" असं मी वर लिहिलं. मी फिरवला होता.

मी अकरा वर्षांची होते. तू आमच्या मागच्या खोलीत राहायचास. भुयारात उंदीर पळवायच्या खेळाची कॅसेट तू माझ्यासाठी विकत आणली होतीस आणि ती अर्थातच चालली नाही. तू कपाळाला हात लावलास, म्हणालास, "गेले पैसे," आणि कामावर गेलास. तुझ्या एका मासिकात त्या स्क्रूचं चित्र होतं. शिलाई यंत्राच्या तेल-पेटीतला छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि फिरवला. खेळ सुरू झाला. मी तासभर उंदीर पळवला. खरं सांगायचं तर इतका आनंद मला त्यानंतर पहिल्या पगारालाही झाला नाही. तुझं न जमलेलं काम मी केलं होतं, आणि तू आलास की दाखवणार होते.

मग सहज म्हणून तुझी कॅसेट लावली. चालली नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. स्क्रू उलटा फिरवला. पण किती फिरवला होता ते मी मोजलंच नव्हतं. तूच माझं नाव मोजपट्टी ठेवलंस, कारण मी पोळपाटाचाही व्यास मोजायचे. आयुष्यात एकदाच काही न मोजता केलं ते हे.

मी सगळं जागच्या जागी ठेवलं आणि गणिताची वही उघडून बसले.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला माहीत आहे ते चुकीचं आहे. त्याच दिवशी आईने तुझ्या खोलीत झाडलोट केली होती आणि कॅसेटचा डबा तुझ्या मोठ्या स्पीकरवर ठेवला होता. तू संध्याकाळी आलास, एक कॅसेट लावलीस, मग बाकीच्या सगळ्या. मग तुला तो डबा स्पीकरवर दिसला. स्पीकरमध्ये चुंबक असतं, आणि चुंबक टेप पुसतं. तू आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालास, "ताई, तुला नुसतं पुसता येतं. काय पुसतेस ते कळत नाही."

मी दारात उभी होते. वही हातात होती.

तीन महिन्यांनी तू बदली मागून घेतलीस. जाताना दोन खोके आईकडे देऊन म्हणालास, "ठेव तुझ्याकडे. आता काय, कोरंच आहे." गेली सतरा वर्षं तुमचं फोनवर बोलणं मी ऐकते आहे. वर्षातून दोनदा. हवा कशी आहे, रक्तदाब कसा आहे, बरं, ठेवतो. भांडण म्हणावं असं काही नाही. म्हणूनच ते मिटत नाही.

ऑक्टोबरात मी तसाच स्पीकर मिळवला, एक फालतू कॅसेट भरली आणि ती त्याच्यावर चोवीस तास ठेवली. आधी आणि नंतर मोजलं. काहीही फरक नाही. मग आठवडाभर ठेवली. तरी नाही. आकडे हवे असतील तर पाठवीन. आईच्या हातून तुझं एक अक्षरही पुसलं गेलं नव्हतं.

आईला मी २६ ऑक्टोबरच्या रविवारी सांगितलं. ती कोणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. मी सरळ सांगितलं, वरच्यासारखंच, क्रमाने. तिने यंत्र थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा तोडला, मग चष्मा काढला.

"स्क्रू फिरवायच्या आधी खूण केली होतीस?"

"नाही."

"या यंत्राचा दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू हलवताना मी काय करते?"

"खडूने रेघ मारतेस."

"कोणी शिकवलं तुला ते?"

"तू."

"मग?" म्हणाली. आणि पुन्हा शिवायला लागली.

मला वाटलं संपलं. पण दुसरी बाही लावता लावता ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. सतरा वर्षं तिने घरातल्या एकाही विजेच्या यंत्रात बोट घातलं नाही. घरी नवा फोन घेतला तेव्हा तो मी सुरू करून दिला, आणि वाजला की उचलून तिच्या हातात मीच द्यायचे. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला ती शेजारच्या वायरमनला हाक मारते. मी समजत होते तिला आवड नाही. ती म्हणाली, "त्याला सगळं कळायचं ना त्यातलं. तो म्हणाला मला कळत नाही, तर मी खरं मानलं." ही बाई चाळीस वर्षं शिलाई यंत्र स्वतः खोलून, स्वतः तेल घालून, स्वतः परत जोडते आहे, मामा. यंत्र तिला तुझ्या-माझ्याइतकंच कळतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझी मागितलीस, ठीक. आता त्याला लिही. फोन करू नकोस. फोनवर तो 'बरं बरं' म्हणेल आणि ठेवून देईल."

म्हणून पत्र.

तुझी माफी मागते. स्क्रूसाठी थोडी, आणि दारात गप्प उभी राहिले त्यासाठी बाकीची सगळी. अकरा वर्षांच्या मुलीला भीती वाटली हे समजण्यासारखं आहे. पण मी पुढे सोळाची झाले, बावीसची झाले, इंजिनिअर झाले, आणि तेव्हाही बोलले नाही. तोवर मला पक्कं ठाऊक झालं होतं की स्पीकरने टेप पुसली जात नाही. त्याला मला कारण देता येत नाही. तुझ्या खोलीत मी हे काम शिकले आणि तुझीच खोली माझ्यामुळे बंद पडली, एवढं मला माहीत होतं आणि मी त्याच्याभोवतीने चालत राहिले.

आता चांगली बातमी. गेल्या शनिवारी आई माझ्याबरोबर घड्याळजींच्या खोलीवर आली. शिक्षिकाबाईंनी तिला खुर्ची दिली. मी कॅसेट तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट पाहिली, झाकण उघडून आत बसवली, आणि बटण दाबायच्या आधी पर्समधून शिवणाचा खडू काढून डेकच्या स्क्रूशेजारी रेघ मारली. घड्याळजी म्हणाले, "या बाईंना आपल्यात घ्या." मग तिने बटण दाबलं. चार मिनिटं टेप वाचली जातानाचा किरकिराट चालला. ती एकदाही हलली नाही.

लिफ्ट सुरू झाल्यावर मी तिला प्रोग्रॅमच्या ओळी दाखवल्या. तू दहा-दहाच्या अंतराने आकडे दिले आहेस, तेव्हा मधली ओळ दिसली की ती नंतर घातलेली आहे हे कळतं. २१४० वर तू रोमन अक्षरांत लिहिलं आहेस: ताई थांबत नाही, जिन्याने जाते. वीस मोजेपर्यंत लिफ्ट आली नाही तर सहाव्या मजल्यावरचं 'त' खरंच जिन्याने उतरायला लागतं. आई हसली. म्हणाली, "मीच ती." तुझ्या देखभालीतल्या त्या सात मजल्यांच्या इमारतीत ती माझ्या जन्माआधी सहाव्या मजल्यावर शिवणखात्यात होती, हे मला धड माहीतही नव्हतं.

२१४५ ही ओळ नंतरची आहे. त्यात 'म' आहे. 'म' लिफ्टमध्ये शिरली की सगळ्या मजल्यांची बटणं दाबते. कॅसेटवर शेवटची तारीख आहे ती मी स्क्रू फिरवला त्याच्या आठवडाभर आधीची. मी ही ओळ तीनदा वाचली. त्यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

पण ओळ ३३१० बद्दल विचारायचं आहे. दुसऱ्या लिफ्टला काम नसेल तेव्हा ती तळमजल्यावर यायला हवी, कारण बहुतेक माणसं तिथे असतात. तुझ्या प्रोग्रॅममध्ये ती सहाव्या मजल्यावर जाऊन दार उघडून उभी राहते. मी ही ओळ ठेवून आणि काढून शंभर-शंभर फेऱ्या चालवल्या. ठेवली तर माणसाला सरासरी १४.२ मोजेपर्यंत थांबावं लागतं, काढली तर ११.४. म्हणजे इतर सगळ्यांचं थांबणं वाढतं आणि 'त'चं जवळजवळ शून्य होतं. कोणीही सांगेल की ही चूक आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही. या वर्षी मी एक चूक दुरुस्त करून शहाणी झाले आहे.

आईने पडद्यावर ते पाहिलं. "हा रिकामा डबा माझ्या मजल्यावर काय करतोय?"

"वाट बघतोय," मी म्हटलं. "तसंच लिहिलंय त्याने."

ती बराच वेळ बघत राहिली. 'त' आलं, लिफ्टमध्ये शिरलं, दार लागलं, खाली गेलं. रिकामी झाल्यावर लिफ्ट परत सहाव्यावर येऊन उभी राहिली.

मग ती म्हणाली, "त्या इमारतीत संध्याकाळी सुटायच्या वेळेला एक लिफ्ट आमच्या मजल्यावर उभीच असायची. बाकीच्या मजल्यांवरच्या बायका ओरडायच्या लिफ्टमनच्या नावाने. मी म्हणायचे, माझं नशीब चांगलं."

घड्याळजींनी चहा आणला.

काम नसताना लिफ्टने कुठल्या मजल्यावर थांबावं, हे त्या काळी यंत्राच्या खोलीत जाऊन तार हलवून ठरवता यायचं. मी तुझ्या वहीत शोधलं. दुसऱ्या वहीत आकृती आहे, मजल्याचा आकडा मात्र लिहिलेला नाही. तू सगळं लिहून ठेवतोस. हे एकच नाही.

रविवार, २३ नोव्हेंबरला आमच्या गटाचं प्रदर्शन आहे, एका शाळेच्या सभागृहात. प्रत्येकाने एक चालू मशीन टेबलावर ठेवायचं आणि समोरच्या कार्डावर मालकाचं नाव लिहायचं. तुझं मशीन आई चालवणार आहे. तिने तशी अटच घातली आहे. टेबलामागे दोन खुर्च्या असतात. सभागृह तळमजल्यावर आहे, गुडघ्याचा प्रश्न येणार नाही. स्टेशनवर मी घ्यायला येईन.

तेव्हा मला तुझ्याकडून चार गोष्टी हव्यात. कार्डावर तुझं नाव लिहू का? झाकण पिवळंच ठेवू का? ओळ ३३१० ही चूक होती की नाही? आणि दुसरी खुर्ची कोणाला द्यायची?

प्रदर्शनाचा फॉर्म शनिवारी, १५ तारखेला सकाळी द्यायचा आहे. शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत उत्तर पाठव. तिसऱ्या प्रश्नाचं मला नाही पाठवलंस तरी चालेल, ते आईला फोन करून सांग. ती आता फोन स्वतः उचलते.

तुझी,
मोजपट्टी